शंख नको, मिशा पाहा

शंखातला खेकडा घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक नावही येते. दुकानदाराच्या तोंडी ते बहुधा ‘हर्मिट क्रॅब’ एवढेच असते. फार तर त्याला ‘पर्पल’, ‘रेड’, ‘स्ट्रॉबेरी’ असे एखादे रंगाचे शेपूट जोडलेले असते. घेणारा मोबाइलवर त्या नावाची चित्रे काढतो, समोरचा खेकडा एखाद्या चित्राशी ताडून पाहतो आणि जात ठरवून मोकळा होतो. या पद्धतीत चूक जवळपास ठरलेलीच आहे, कारण ती रंगापासून सुरू होते. या प्राण्यांच्या बाबतीत रंगाइतका बेभरवशाचा साक्षीदार नाही, आणि त्याच्या खालोखाल शंख. विश्वास ठेवायचा तो मिशांवर, मग डोळ्यांच्या देठांवर आणि मग डाव्या नांगीवर. तोही याच क्रमाने. क्रमाचा आग्रह एवढ्यासाठी की पहिल्या पायरीवर चुकलात तर खेकडा मरतो, आणि शेवटच्या पायरीवर चुकलात तर बहुधा फक्त वहीत चुकीचे नाव राहते.

पहिली पायरी म्हणजे खेकडा जमिनीवरचा की समुद्रातला हे ठरवणे. जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीसारख्या गावात हा प्रश्न विचित्र वाटेल. जबलपूरहून मुंबईच रेल्वेने हजारेक किलोमीटर. समुद्राचा इथे संबंध काय? पण नेमके म्हणूनच इथे हा प्रश्न आधी विचारायला हवा. या भागातल्या ओढ्यानाल्यांत आणि धानाच्या बांधांत जे खेकडे असतात ते गोड्या पाण्यातले. त्यांच्या पाठीवर स्वतःचे टणक कवच असते, शेपटीचा भाग पोटाखाली चपटा दुमडलेला असतो, आणि शंखाची त्यांना गरज नसते. तेव्हा मझौलीत शंख ओढत चालणारा खेकडा दिसला तर तो बाहेरून आलेला आहे हे नक्की, आणि त्याच्या येण्याच्या वाटा तीनच: कोकण किंवा पुरीची सहल, अंदमानची सहल, किंवा मोठ्या शहरातले मत्स्यटाक्यांचे दुकान. तो कुठल्या वाटेने आला हे विचारून घेतले की अर्धी ओळख तिथेच पटते, कारण या वाटांनी येणारे खेकडे एका घराण्याचे नसतात.

कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला डबक्यांत वाकून पाहिले तर बोटाच्या पेराएवढे शंख भराभर चालताना दिसतात. मुंबईत गिरगाव, हाजी अली, जुहू इथेही ते आहेत. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने किनारा-फेऱ्या काढून असे असंख्य जीव लोकांना दाखवले, तोपर्यंत कित्येक मुंबईकरांना आपल्या चौपाटीवर वाळू आणि भेळ यांपलीकडे काही असते याचा पत्ता नव्हता. या डबक्यांतले शंखवासी मुख्यतः क्लायबॅनेरियस आणि डायोजेनिस या वंशांतले आहेत. ते समुद्रातले प्राणी आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहत असल्याने पाण्याबाहेर काही तास, ओलावा असला तर त्याहूनही जास्त, त्यांना काढता येतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. बरणीत घातलेला खेकडा गाडीत जिवंत असतो, घरी पोहोचेपर्यंत हलत असतो, म्हणून तो ‘जमिनीवरचा’ ठरतो. मग त्याला कोरडी वाळू, गाजराचा तुकडा आणि बाटलीच्या झाकणात नळाचे पाणी मिळते. पुढे तो दोनचार दिवसांत निपचित पडला की ‘उन्हाळा सोसला नाही’ असे म्हटले जाते. खरे तर त्याला समुद्राचे पाणी हवे होते.

जमिनीवरचे शंखवासी कोएनोबिटा वंशातले. हे नाव मठात समूहाने राहणाऱ्या साधकासाठीच्या शब्दावरून आले आहे. इंग्रजीने त्याच प्राण्याला एकांतवासी ठरवले, शास्त्रज्ञांनी मठवासी; आणि खेकड्यांची घोळक्याने राहण्याची सवय पाहता शास्त्रज्ञांची बाजू वरचढ आहे. त्यांच्या कल्ल्यांना ओलावा लागतो, पण बुडून राहण्याइतके पाणी लागत नाही. पोटाच्या मऊ त्वचेतूनही ते हवेतला प्राणवायू घेतात, शंखात थोडे पाणी भरून बरोबर बाळगतात, आणि मादी फक्त अंडी सोडायला समुद्राच्या कडेला उतरते. किनाऱ्यामागच्या केवड्याच्या बनात, नारळाच्या पालापाचोळ्याखाली ते दिवसा दडतात आणि रात्री बाहेर पडतात.

या दोघांतला फरक पाहायला भिंग लागत नाही, धीर लागतो. ओलसर कापड अंथरलेल्या ताटात खेकडा ठेवा, खोलीतला दिवा मंद करा आणि दहा-पंधरा मिनिटे हात लांब ठेवा. तो बाहेर येईल तेव्हा आधी मिशाच बाहेर येतील. खेकड्याला मिशांच्या दोन जोड्या असतात. लांब, चाबकासारखी जोडी दोघांनाही असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पाहायची ती डोळ्यांच्या मधली आखूड जोडी. समुद्रातल्या खेकड्यात ही जोडी बारीक असते, टोकाशी निमुळती आणि केसाळ, आणि ती पाण्यात सतत टिचकी मारल्यासारखी हलते. कोएनोबिटात तीच जोडी लांब आणि जाड होते, कोपरात दुमडल्यासारखी वाकते, आणि तिचे टोक निमुळते न होता तिरके तोडलेल्या काडीसारखे बोथट असते. तो हवेत ती वरखाली आपटत राहतो, जणू दोन काठ्यांनी वास चाचपतो आहे. हे काम तसेच आहे: पाण्यातला वास घेणारे अवयव हवेतला वास घ्यायला बदलले आहेत, म्हणून या खुणेत रंगासारखी लहर नाही. ज्याने पाणी सोडले त्याच्याच मिशा अशा असणार.

दुसरी खूण डोळ्यांची. समुद्रातल्या खेकड्याचे डोळे टाचणीसारखे असतात: लांब, गोल, बारीक देठ आणि टोकावर छोटासा डोळा. कोएनोबिटाचा देठ बहुतेक जातींत बाजूंनी चपटा, रुंद असतो आणि डोळा देठाचा मोठा भाग व्यापतो, म्हणून तो तुमच्याकडे टक लावून पाहतो आहे असा भास होतो. तिसरी खूण दाराची. कोएनोबिटा शंखात शिरला की डावी मोठी नांगी आणि डाव्या बाजूचा दुसरा चालण्याचा पाय असे एकमेकांना बिलगतात की शंखाचे तोंड जवळजवळ मिटते. त्या पायाची बाहेरची बाजू त्यासाठीच चपटी आणि रुंद झालेली असते. ‘डावी नांगी मोठी असली की जमिनीवरचा’ असा ठोकताळा मात्र चुकीचा आहे. डायोजेनिसचीही डावी नांगी मोठीच असते. क्लायबॅनेरियसच्या दोन्ही नांग्या जवळपास सारख्या असतात, त्यामुळे तो तरी लवकर ओळखू येतो. पायांवर लांब उभ्या रेषा दिसल्या तर संशय आणखी पक्का.

आता जातींकडे वळू. इथे वाचकाची वाट चुकवतात ती अमेरिकेतली चित्रे. पाळीव शंखवासी खेकड्यांवरचे बहुतेक लेखन तिथल्या हौशी लोकांसाठी आहे, आणि तिथे दुकानात सर्वांत जास्त मिळणाऱ्या दोन जाती म्हणजे जांभळ्या नांगीचा क्लायपीएटस आणि लांबट डोळ्यांचा कॉम्प्रेसस. पहिला फ्लोरिडा-कॅरिबियनकडचा, दुसरा अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरचा. आपल्या कुठल्याही किनाऱ्यावर यांतला एकही नाही. तरी अंदमानात काढलेल्या जांभळट खेकड्याच्या फोटोखाली ‘पर्पल पिंचर’, म्हणजे क्लायपीएटस, असे बिनदिक्कत लिहिलेले असते. इथे भूगोल हा रंगापेक्षा भक्कम पुरावा आहे. या चुकीबद्दल कुणाला फार हसायचेही कारण नाही. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डेना यांनी १८५२ मध्ये इकडच्या जांभळ्या खेकड्याचे वर्णन केले ते क्लायपीएटसचाच एक प्रकार म्हणून. आज तो ब्रेव्हिमॅनस ही स्वतंत्र जात आहे. तज्ज्ञ जिथे अडखळले तिथे रंग पाहून निकाल देणारा दुकानदार कसा तरेल?

रंग फसवतो त्याची कारणे सांगता येतात. जांभळा रंग क्लायपीएटस, ब्रेव्हिमॅनस, कॅव्हिपेस, व्हायोलासेन्स आणि जपानकडचा पर्प्युरियस या साऱ्यांत कमी-जास्त आढळतो. याच्या उलट रुगोसस ही एकच जात मलईसारखी, तपकिरी, राखी, हिरवट, निळसर, कधी जवळपास काळी असू शकते. एकाच किनाऱ्यावर एकाच रात्री हे सगळे रंग दिसतील आणि सगळे रुगोससच असतील. पर्लेटस ही ‘स्ट्रॉबेरी’ म्हणून प्रसिद्ध असलेली जात मोठेपणी नारिंगी-लाल होते, पण तिची पिल्ले फिकट, पांढुरकी असतात. त्या वयात तिला स्ट्रॉबेरी म्हणायला कुणी धजणार नाही. त्यावर खाण्याचा परिणाम वेगळाच. आहारातून रंगद्रव्ये मिळाली नाहीत तर लाल खेकडा कात टाकून पुन्हा वर येतो तेव्हा फिका पडलेला असतो.

शंखाचेही तसेच. शंख म्हणजे भाड्याचे घर. त्यावरून भाडेकरूची जात कळत नाही. अंदमानात भल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाईच्या रिकाम्या शंखातही जमिनीवरचे खेकडे बिनतक्रार राहतात. ही गोगलगाय पावसाळ्यात मुंबईच्या बागांतही उच्छाद मांडते. दुकानातल्या रंगवलेल्या शंखांबद्दल तर बोलायलाच नको. त्या शंखांवरचे कार्टून पाहून मुले खेकडा निवडतात आणि शंखाच्या रंगाचे पोपडे खेकडा खातो.

म्हणून आपल्या बाजूच्या पाच जाती वेगळ्या करायच्या तर डाव्या मोठ्या नांगीच्या बाहेरच्या अंगावर, वरच्या कडेजवळ, तिरक्या प्रकाशात पाहा. तिथे एकाखाली एक अशा तिरक्या बारीक कडांची रांग दिसली, जाड दोऱ्याने सहा-सात टाके घालावेत तशी, तर खेकडा रुगोसस किंवा पर्लेटस यांपैकी एक. या कडा घासून आवाज काढण्यासाठी असतात असे समजले जाते. मग त्या दोघांत निवड सोपी: पूर्ण वाढलेल्या पर्लेटसच्या लाल अंगावर मोत्यासारखे पांढरे दाणे उठलेले असतात, आणि नावातही तो मोती आहेच. टाके नसतील तर नांगीच्या आतल्या, तोंडाकडच्या बाजूला पाहा. तिथे दोन्ही नांग्यांवर केसांचा झुपका मुळीच नसेल, नांगी मोठी आणि गुळगुळीत असेल, आणि डोळ्यांचे देठ चपटे नसून गोलसर असतील, तर तो ब्रेव्हिमॅनस. हा मठातला दांडगा: अंगाने सर्वांत मोठ्यांपैकी एक, समुद्रापासून इतरांपेक्षा आत राहणारा, गोल तोंडाचे जड शंख पसंत करणारा. टाके नाहीत पण केसांचा झुपका आहे, तर कॅव्हिपेस किंवा व्हायोलासेन्स. आणि इथे, माझ्या मते, घरच्या माणसाने थांबावे. त्या दोघांतला फरक फोटोवरून ठरवणारा आत्मविश्वास कौतुकास्पद असेल, उपयोगाचा नाही. वहीत ‘कोएनोबिटा, जात अनिश्चित’ असे लिहिणे ही हार नाही. जपानने १९७० मध्ये या खेकड्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देऊन संरक्षण दिले, तेही जातवार न देता तिथल्या सगळ्या कोएनोबिटांना मिळून एकत्र.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सगळ्या कोएनोबिटांना ऊब सारखीच लागते, ओलावा सारखाच, खाणेही सारखेच. मग एकदा जमिनीवरचा म्हणून ठरल्यावर टाके आणि केस मोजत कशाला बसायचे? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. साधारण २४ ते २९ अंश तापमान, ७५ ते ८५ टक्के आर्द्रता, अंगाच्या उंचीच्या तिप्पट तरी खोल आणि मुठीत दाबल्यावर आकार धरेल इतकी ओली वाळू, हे सर्वांना लागते. पण सर्वांना ‘सारखे’ लागते म्हणजे सर्व सारखेच सोसतात असे नव्हे. पर्लेटस खाऱ्या पाण्याशिवाय तग धरत नाही, हे पाळणाऱ्यांच्या अनुभवातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. इतर जातींची गोड्या पाण्यावर काही काळ गुजराण होते, म्हणून चूक झाकली जाते. पर्लेटसमध्ये ती उघडी पडते. ब्रेव्हिमॅनसला चिमुकल्या टाकीत, चार बोटे वाळूत ठेवले तर कात टाकायला तो गाडून घेऊच शकत नाही. हे खेकडे तीस वर्षेही जगू शकतात. आज सुपारीएवढा असलेला पुढे मुठीएवढा होणार की लिंबाएवढाच राहणार, हे आधी कळलेले बरे. जात नक्की ठरत नसेल तर उपाय साधा आहे: सर्वांत नाजूक जात गृहीत धरून सोय करा. दोन वाट्या ठेवा. एकीत क्लोरीन काढलेले गोडे पाणी आणि दुसरीत मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या सागरी मिठाचे पाणी. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. त्यात समुद्रातल्या इतर क्षारांचा पत्ता नसतो.

मझौलीच्या वाचकासाठी इथे हवामानाचाही हिशेब मांडायला हवा. मे महिन्यात दुपारी लू वाहते तेव्हा हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास येतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारीच्या रात्री तोच दहाच्या खाली जातो. खेकड्याच्या कल्ल्यांना दोन्ही घातक. जाळीचा पिंजरा किंवा उघडी बरणी इथे वर्षातले आठ महिने निरुपयोगी आहे. काचेची टाकी, घट्ट काचेचे झाकण, आत दोन-अडीचशे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक, आणि वारा थेट लागणार नाही अशी आतल्या भिंतीजवळची जागा, एवढे नसेल तर जात ओळखूनही काही साधणार नाही. हे वाचून कुणी खेकडा घेण्याचा बेत रद्द केला तर मला वाईट वाटणार नाही. हे प्राणी टाकीत क्वचितच पैदा होतात. पिल्लांना समुद्रातल्या कित्येक अवस्थांतून जावे लागते. दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला आहे.

अंदमानहून ‘एकच तर आहे’ म्हणून पिशवीत टाकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नारळखेकडा, म्हणजे बिर्गस लॅट्रो, आहे. निकोबार बेटांवर आणि दक्षिण सेंटिनेलवर तो राहतो. मोठेपणी त्याला शंख लागत नाही, पण लहानपणी तो शंखातच राहतो आणि पाहणाऱ्याला कोएनोबिटाच वाटतो. शिवाय ज्या शंखात तुमचा खेकडा बसला आहे तो ट्रोकस निलोटिकस किंवा मोठा टर्बो मार्मोरेटस असेल तर २००१ पासून त्या शंखांनाही कायद्याचे संरक्षण आहे. ओळख पटवायची तर तिथेच, रात्री टॉर्चच्या कडेच्या उजेडात, फोटो काढून पटवावी.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: खरी ओळख पटवायची तर शास्त्रज्ञ पाचव्या पायाचा सांधा, नराच्या तिथल्या नळ्या पाहतात, मग खेकडा शंखाबाहेर काढूनच का पाहू नये? कारण तो बाहेर येत नाही. शेवटच्या दोन जोड्यांचे आखूड पाय आणि पीळ घेतलेले मऊ पोट शंखाच्या आतल्या खांबाला इतके आवळून धरतात की ओढणाऱ्याच्या हाती शरीराचा तुकडा येतो, पूर्ण खेकडा नाही. कोमट पाण्यात घालणे, शंखाला भोक पाडणे हे जुने उपायही क्रूरच. जात कळली पण प्राणी गेला, याला ओळख पटवणे म्हणत नाहीत.

आणि पहिल्याच पायरीवर खेकडा समुद्रातला निघाला तर? त्याला नर्मदेत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. गोड्या पाण्यात तो जगणार नाही. सागरी मिठाचे पाणी, हवेचा पंप आणि खडे असलेली छोटी टाकी लगेच उभी करता आली तर ठीक, नाहीतर कोकणात जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ओल्या कापडात गुंडाळून त्याला त्याच किनाऱ्यावर परत पाठवणे बरे. पुढच्या सहलीला मुलांच्या हातात बरणीऐवजी मोबाइल द्यावा.

जमिनीवरच्या खेकड्याची जात पक्की करायची खरी संधी तो स्वतःच देतो, फक्त वाट पाहावी लागते. वाळूत गाडून घेऊन तो महिना-दोन महिने दिसेनासा होईल. तेव्हा उकरू नका; कात टाकताना त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. तो वर येतो तेव्हा जुन्या कवचाचे काही तुकडे वाळूवर पडलेले दिसतात, आणि बहुतेकदा त्यांत डावी नांगी असते, कारण ती सर्वांत टणक आणि खाऊन संपायला सर्वांत उशीर लागणारी. ती पोकळ नांगी चिमट्याने उचला, खिडकीच्या उजेडात भिंगाखाली फिरवा. बाहेरचे टाके, आतला केसांचा झुपका, सारे निवांत दिसेल. फोटो काढा आणि नांगी जिथे होती तिथेच ठेवा. उरलेला चुना त्याला अजून खायचा आहे.